कौलांचं गिऱ्हाईक

फेब्रुवारी लागला की कोकणात घरोघरी छपराचा विषय निघतो. जांभ्याच्या भिंती, लाकडी सांगाडा आणि वर मंगलोरी कौलं असं घर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या हातात मेच्या मध्यापर्यंतचाच वेळ असतो. पाख उघडा असताना वळवाची एखादी जोरदार सर आली तर मातीत बांधलेली भिंत पाणी पिते, आणि छपराचं काम भिंतीपर्यंत जाऊन पोचतं. अलीकडे या कामाला दुसरं एक काम जोडलं गेलं आहे. उतरवलेली कौलं, जुने खांब आणि तुळया आता मोबाइलवर जाहिरात टाकून विकल्या जातात. गिऱ्हाईक फोनवरच भेटतं आणि फोनवरच पैशाचं बोलतं. छप्पर उघडायची घाई असलेल्या माणसाला ते खरं की खोटं हे पारखायला उसंत नसते. ठगाला नेमकी ती घाईच हवी असते.

पुढचा संवाद राजापूरकडच्या एका काकांचा आणि पुण्यात बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या पुतणीचा आहे. नावं देत नाही. ही दोन माणसं कोकणातल्या कितीतरी घरांत आहेत. मी त्यांना एका ओटीवर बसवलं आहे.

काका: ठरलं आता. यंदा सगळी कौलं उतरवायची आणि पत्रा घालायचा. तू नको म्हणणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो.

पुतणी: काका, छप्पर गळतंय म्हणून पत्रा, की कौलं परतायला माणूस नाही म्हणून?

काका: माणूस नाही म्हणून. खरं तेच सांगतो. पूर्वी मे महिन्यात दोघे गडी पाखावर चढायचे, एक जण खालून कौलं द्यायचा, आणि आगोटीच्या आत घर शाकारून व्हायचं. आता बागेत राखणीला नेपाळी मिळतात, पण पाखावर पाय कुठे ठेवायचा हे कळणारा पंचक्रोशीत एखादाच, आणि त्याचीही साठी उलटली. त्यात वानर. टोळी आली की एका दुपारी वीस-पंचवीस कौलं फुटतात. पावसात फुटली तर रात्री उठून जागोजाग भांडी लावायची ती मी आणि तुझ्या काकूनं. तुम्ही सगळे गणपतीत येता तेव्हा घर छान दिसतं.

पुतणी: त्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसणार कुठे? आत्ता माजघरात पंखा न लावता झोप लागते. कौल जाड असतं, सावकाश तापतं, आणि कौलाकौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पत्रा दहा वाजताच तापतो. पावसाळ्यात त्याखाली एकमेकांशी बोलणं ऐकू येत नाही, हे तुम्हीच शाळेच्या वर्गाबद्दल सांगायचात.

काका: सांगायचो. पण त्या वर्गात भांडी लावावी लागत नव्हती, हेही सांगायचो.

पुतणी: समुद्र इथून किती लांब? खाऱ्या वाऱ्यात स्क्रूखालचे रबरी वायसर आधी कडक होतात, मग चिरतात, आणि गळती तिथूनच सुरू होते. कापलेल्या कडेला गंज धरतो तो वेगळाच. पाच-सात वर्षांनी तुम्हाला पत्र्यावरही माणूस चढवावाच लागणार.

काका: पाच-सात वर्षांनी एकदा आणि दरवर्षी एकदा, यात फरक आहे की नाही? वजनाचाही विचार कर. आपला पाख सगळा मिळून चौदा ब्रास. ब्रासला दीडशेच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे दोन हजारांवर गेली. एक कौल अडीच किलो धर. पाच टन ओझं आहे वाशांवर, आणि भिजलं की त्याहून जास्त. वासे किंजळाचे म्हणून टिकले. पण मागच्या पाखात दोन वाशांना भुंगेरा लागलाय. टोचून पाहिलं तर स्क्रू ड्रायव्हर निम्मा आत जातो. आढ्याची एका टोकाकडची बाजू भिंतीत कुजली आहे. पत्र्याला एवढं लाकूडच लागत नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, की वाळवीचं नावसुद्धा घ्यायला नको.

पुतणी: हलकं छप्पर म्हणजे वाऱ्याला सोपं छप्पर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे काय झालं ते तुम्हीही बघून आलात. कौलं उडाली, पण सुटी उडाली. लोकांनी दुसऱ्या दिवसापासून मिळतील ती परत बसवली. पत्रे उडाले ते सांगाड्यासकट, आणि जिथे पडले तिथे दुसऱ्याचं नुकसान करून गेले.

काका: कौलंही काही कमी फुटली नाहीत तिथे. कित्येक दिवस कौलं मिळत नव्हती, भाव कुठल्या कुठे गेले, लोक ताडपत्रीखाली राहिले. वाऱ्यापुढे दोन्ही सारखीच. पत्रा नीट आवळलेला हवा आणि कौलं कडेकडेनं तारेनं बांधलेली हवीत. आपल्याकडे बांधतो कोण?

दोघांचीही बाजू खरी आहे, म्हणूनच हा वाद कोकणात मिटत नाही. मला स्वतःला कौलं हवीत, आणि त्याचं कारण नुसतं देखणेपण नाही. ज्या वस्तूचा फुटलेला तेवढाच तुकडा बदलता येतो, ती वस्तू घरात असावी असं मला वाटतं. पण जो माणूस पावसात मध्यरात्री भांडं सरकवतो, त्याच्या मताला जो गणपतीपुरता येतो त्याच्या मतापेक्षा जास्त वजन आहे. शहरातल्या नातेवाइकांनी हे आधी मान्य करावं आणि मग वारशाबद्दल बोलावं.

पुतणी: कौलं उतरवली तर त्यांचं काय करणार?

काका: विकणार. एक कौल उलटं करून बघ. हा शिक्का वाचता येतो?

पुतणी: बेसल मिशन, मंगलोर.

काका: माझ्या आजोबांनी आणलेली. मंगलोराहून गलबतानं जैतापूरच्या खाडीत, तिथून होडीनं वर, आणि शेवटी गड्यांच्या डोक्यावरून. त्या आधी या घरावर कुंभारी नळे होते. ते दरवर्षी परतावेच लागत. मंगलोरी कौल आलं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी आजोबांना नावं ठेवली होती, परदेशी पाद्र्यांचं कौल घरावर कशाला म्हणून. आज तू मला पत्र्यावरून बोलतेस तसंच.

काकांच्या या बोलण्यात फार मोठा इतिहास आहे. बेसल मिशन ही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली ख्रिस्ती धर्मप्रसार संस्था. तिचे लोक 1834 मध्ये मंगळूरला आले. 1865 मध्ये प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं नेत्रावतीच्या काठी जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, जवळचं जळाऊ लाकूड आणि दारात बंदर, असं सगळं तिथे एकत्र होतं. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचा नमुना मुळात फ्रान्समधल्या गिलार्डोनी बंधूंचा, 1841 चा. त्या अडकणीमुळे नळ्यांपेक्षा कमी कौलांत जास्त पाख झाकला जाऊ लागला आणि उतार नीट असेल तर पाणी मागे सरेना. पुढे पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टच्या हाती गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून ही कौलं कोकणात, मुंबईत आणि समुद्रापलीकडेही गेली. आज जे आपण अस्सल कोकणी छप्पर समजतो, ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नवं आणि परकं होतं. काकांचं हे म्हणणं पुतणीला खोडता आलं नाही, आणि मलाही येत नाही.

पुतणी: मग असली कौलं विकायची घाई का? अलिबागपासून गोव्यापर्यंत घरं बांधणारे लोक जुनी कौलं, जुने खांब शोधत फिरतात.

काका: म्हणूनच जाहिरात टाकली. शेजारच्या मुलानं फोटो काढले आणि मोबाइलवर चढवले. पंधराशे कौलं, वीस रुपये नग. सहा सागाचे खांब, त्यांची किंमत बघून ठरवू म्हटलं. अर्ध्या तासात एका मेजरसाहेबांचा फोन आला. बोलणं इतकं सभ्य! काका काका करत होते. कर्जतला फार्महाउस बांधताहेत, सगळीच कौलं हवीत, भाव केला नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला. सरकारी ट्रक आणि जवान पाठवतो म्हणाले, तुम्हाला उचलायची मेहनतही नको.

पुतणी: आणि पैसे?

काका: आगाऊ देतो म्हणाले. लष्कराच्या खात्यातून येतात, त्याची पद्धत वेगळी असते. एक चौकोनी कोड पाठवतील, तो मी स्कॅन करायचा, पिन टाकायचा, की तीस हजार जमा. आज संध्याकाळी करायचं होतं. मोबाइल नीट चालवता येत नाही म्हणून तुझी वाट बघत थांबलो.

पुतणी: काका, बरं झालं थांबलात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. कोड स्कॅन करायचा तो दुकानदाराला पैसे देताना, आपल्याला पैसे मिळण्यासाठी नव्हे. तुम्ही पिन टाकला असतात तर तीस हजार आले नसते, गेले असते.

काका: असं कसं? आधी खात्री म्हणून पाच रुपये पाठवले त्यांनी. ते आलेत, मी पाहिले.

पुतणी: ती पाच रुपयांची पेरणी आहे. 2021 मध्ये दिल्लीत जुना सोफा विकताना असंच झालं. आधी किरकोळ रक्कम जमा झाली, विश्वास बसला, मग कोड आला, आणि दोन वेळा मिळून चौतीस हजार गेले. ते घर शिकल्यासवरलेल्यांचं होतं. माझ्याकडे बँकेत येणारे लोकही भोळे नसतात. प्राध्यापक असतात, दुकानदार असतात. त्यांना फसवायला लबाडाला हुशारी लागत नाही, त्यांची गडबडीची वेळ लागते.

काका: पण फौजी माणसावर संशय घ्यायचा? आपल्या तालुक्यातले किती जण सैन्यात आहेत! गणवेश पाहून मान लवते आपली.

पुतणी: तेच त्यांना माहीत आहे. सैनिकाबद्दलचा आदर हीच त्यांच्या धंद्याची पुंजी. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही असतो, कधी खऱ्याच जवानाचा, त्याच्याकडून कुठल्यातरी निमित्तानं काढून घेतलेला. मला सांगा, मेजरसाहेबांनी कौलांबद्दल काय विचारलं?

काका: काय विचारलं... (थांबून) काही नाही.

पुतणी: शिक्का कुठला विचारला? फुटकी किती निघतील? मागच्या नाक्या शाबूत आहेत का? कोन्याची कौलं किती? ट्रक दारापर्यंत येतो का?

काका: काहीच नाही. फक्त खातं कुठल्या बँकेत आणि फोनवरून पैसे घेता का, एवढंच.

पुतणी: एवढं पुरेसं आहे. ज्याला कौलं हवीत तो कौलांबद्दल विचारतो.

संशयास्पद गिऱ्हाईक ओळखण्याच्या याद्या वर्तमानपत्रांत नेहमी छापून येतात. पण लांबलचक याद्या ऐन वेळी आठवत नाहीत. पुतणीनं विचारलेली गोष्ट मात्र आठवते: हा माणूस मालाबद्दल बोलतोय की माझ्या खात्याबद्दल? अर्थात प्रत्येक ठग इतका उघडा पडत नाही. काही जण मालाचाही अभ्यास करून येतात. त्यांच्यासाठी पुढचं बोलणं उपयोगी आहे.

काका: मग तुझ्या हिशेबानं दुसरं गिऱ्हाईक बघ. राजापुरातला भंगारवाला. त्याचा फोनही आला होता. हिंदी-मराठी मिसळून बोलतो, आवाज चढा, नाव सांगितलं नाही आधी. सरळ म्हणाला, वीस कोण देणार, आठ देतो, फुटकी घेणार नाही. मग विचारत बसला, घरावर शेवाळ किती, शेणामातीचे डाग आहेत का, कौलं वाजवून बघू द्याल का, खांब सागाचे तर वनखात्याचा परवाना कोण काढणार. मी वैतागून फोन ठेवला.

पुतणी: तो खरा आहे, काका.

काका: म्हणजे गोड बोलला तो खोटा आणि खेकसला तो खरा?

पुतणी: तसा नियम नाही. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो घासाघीस करतो. न बघता, एक पैसा कमी न करता, आगाऊ रक्कम द्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा थांबवावा. आणि परवान्याचं त्यानं बरोबर विचारलं. सागाचं लाकूड हलवायचं तर घर मोडलेलं असलं तरी वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून कागद करून घ्यावे लागतात. मेजरसाहेबांच्या सरकारी ट्रकला त्याची आठवण झाली नाही.

काका: एक सांगू? तुमच्या या सावधपणाचा मला त्रास होतो. तुम्ही लोक सगळ्यांवरच संशय घ्यायला लागलात. दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारायच्या आधी आधार कार्ड विचाराल. आणि तो संशय जातो कुणावर? भंगारवाल्यावर, परप्रांतीयावर, ज्याची बोली वेगळी त्याच्यावर. गणवेशातल्या फोटोवर नाही जात. मी त्या भंगारवाल्याचा फोन ठेवला, आणि मेजरसाठी संध्याकाळची वेळ राखून ठेवली. म्हणजे तुमचं ते सावध राहणं माझ्या अंगात आधीच शिरलंय, फक्त चुकीच्या बाजूनं.

मला या संवादातलं हे बोलणं सगळ्यात मोलाचं वाटतं. फसवणुकीच्या बातम्यांनी आपण सावध झालो असं म्हणतो, पण पुष्कळदा आपण फक्त आपले जुने पूर्वग्रह घट्ट करतो. फोनवरच्या फसवणुकीसाठी बदनाम झालेल्या जामताडा, मेवात, भरतपूर या नावांची आपल्याला भीती बसली आहे. एप्रिल 2023 मध्ये मेवातमधल्या, म्हणजे हरियाणातल्या नूह जिल्ह्यात हजारो पोलिसांनी सायबर ठगांसाठी एकाच वेळी 14 गावांवर छापे घातले होते. पण त्या गावांतून फोन करणारा माणूस त्या गावचा म्हणून बोलत नाही. तो आपल्याला ज्याचा आदर वाटतो त्याचं रूप घेऊन बोलतो. त्यामुळे माणसाच्या भाषेवर, कपड्यांवर, आडनावावर ठेवलेला पहारा इथे कुचकामी ठरतो. शिवाय तो अन्यायाचा आहे.

पुतणी: तुमचं पटलं. मग असं करू या. माणसावर संशय घ्यायचा नाही, मागणीवर घ्यायचा. कुणीही असो, पुण्याचा बिल्डर असो, फौजी असो, आपल्याच गावचा असो, सगळ्यांना एकच रीत. माल इथे येऊन, डोळ्यांनी बघून, हातानं वाजवून घ्यायचा. पैसे गाडी भरायच्या आधी समोर द्यायचे, रोख किंवा फोनवरून. फोनवरून दिले तर मेसेज बघायचा नाही, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढली का ते बघायचं. मेसेज कुणालाही पाठवता येतो, पैसे भरल्याचा फोटो तर पोरंसुद्धा बनवतात. खऱ्या गिऱ्हाइकाचं या रीतीनं काही बिघडत नाही. ज्याचं बिघडतं तो आपोआप गळतो.

काका: आणि येणारा म्हणाला, मी लांब आहे, येऊ शकत नाही?

पुतणी: मग तो गिऱ्हाईक नाही. कौल ही न बघता घ्यायची वस्तू आहे का? तुम्ही घ्याल?

काका: मुळीच नाही. वाजवल्याशिवाय मी एक कौल घेणार नाही. भाजणी चांगली असेल तर खणखणतं, चीर असेल तर बद्द आवाज येतो.

पुतणी: आणखी एक युक्ती ते करतात, लक्षात ठेवा. जास्त पैसे चुकून आले म्हणतात. तीसऐवजी पन्नास हजार गेले, वरचे वीस परत पाठवा, माझी आई दवाखान्यात आहे. तुमच्या फोनवर पन्नास हजारांचा मेसेजही आलेला असतो, खात्यात मात्र काही नसतं. आणि कधीकधी खरंच पैसे आलेले असतात, ते दुसऱ्या कुणालातरी फसवून आणलेले. ते आपण पुढे पाठवले की त्या माणसाच्या तक्रारीत आपलं खातं गोठतं. म्हणून खरंच जास्त आले तर स्वतः परत पाठवायचे नाहीत, बँकेला सांगायचं.

काका: आणि समजा मी आज संध्याकाळी पिन टाकला असता, तर?

पुतणी: त्याच मिनिटाला 1930 ला फोन. ती सायबर फसवणुकीची देशभराची मदत-लाइन आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, आणि पैसे अजून पुढे सरकले नसतील तर तिथे अडवता येतात. लबाड लोक एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, तिथून एटीएममध्ये अशी रक्कम फिरवतात. म्हणून पहिले दोन-चार तास मोलाचे. लोक लाजेनं रात्रभर गप्प बसतात आणि सकाळी माझ्याकडे येतात. तोवर खातं रिकामं झालेलं असतं. दुसरी गोष्ट, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, व्यवस्थेत तिसरीकडेच काही फुटलं असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यावर नुकसान ग्राहकावर येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये ठरवून दिलंय. पण पिन आपणच टाकला तर ती आपली चूक धरली जाते, आणि कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. भरून मिळणं फार अवघड.

काका: फोनवरून कुणी पैसे मागायची विनंती पाठवायचं, ते बंद झालं म्हणे?

पुतणी: हो, दोन व्यक्तींमधली ती सोय ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. एक वाट बुजली. कोडाची वाट अजून उघडी आहे, कारण दुकानं त्यावरच चालतात.

काका: ठीक. मेजरसाहेबांना काय सांगू?

पुतणी: काही सांगू नका, वादही घालू नका. नंबर अडवा, आणि जाहिरात जिथे टाकली तिथे तक्रार नोंदवा म्हणजे तो पुढच्या घरी जाण्याआधी कुणाच्यातरी लक्षात येईल. आता मुख्य प्रश्न. कौलं सगळी विकायचीच का? चुलत काकांना, मुंबईच्या आत्याला सांगितलंय का? घर सामाईक आहे, घरपट्टी अजून पणजोबांच्या नावानं येते.

काका: सांगितलं नाही. विचारलं तर नको म्हणतात, आणि नको म्हणणाऱ्यांपैकी एकही शिडी धरायला येत नाही.

पुतणी: मग मी एक मांडते, तुम्ही तोडा. मागचा पाख, पडवी आणि गोठा यांवर पत्रा. तिथेच लाकूड कुजलंय, तिथेच वानरांचा रस्ता आहे, आणि तिथे कुणी दुपारी बसत नाही. ओटी आणि माजघरावरचा समोरचा पाख कौलांचा ठेवायचा. मागची चांगली निघालेली कौलं समोरच्या फुटक्यांच्या जागी लागतील, उरतील ती माळ्यावर साठवायची. बेसल मिशनचं कौल पुन्हा मिळणार नाही, म्हणून सुटी दोनशे घरातच असू देत. बाकीची विका. भुंगेरा लागलेले दोन वासे बदला, आढ्याचं कुजकं टोक कापून जोड द्या, आणि भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक टोकाला बोरॅक्सचं पाणी पाजा.

काका: काजूच्या टरफलांचं तेल बरं. आमच्याकडे होड्यांना तेच लावतात. (थांबून) दोन प्रकारचं छप्पर म्हटलं की दोघांच्या सांध्यावर पाणी मुरतं. तिथे पन्हळ नीट बसवायला हवा, पत्रा कौलांखाली हातभर आत गेला पाहिजे. ते मी सुताराकडून करून घेईन. पत्र्याची जाडीही माझ्यासमोर मोजली जाईल. पॉइंट पाच मिलिमीटरच्या नावाखाली पॉइंट पस्तीस घालणारे आहेत. पण मांडणीत एक भोक आहे तुझ्या. समोरचा पाख कौलांचा राहिला तर शाकारणी राहिली. ती कोण करणार?

पुतणी: मी दर मेमध्ये येईन असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण पैसे जमवता येतील. सहा हिस्सेदार आहेत. प्रत्येकानं वर्षाला ठरावीक रक्कम तुमच्या हाती द्यायची, एप्रिलच्या आत. त्यातून तुम्ही तुमच्या त्या साठीच्या माणसाला चांगली मजुरी द्या, आणि त्याच्याबरोबर एक तरुण पोरगा लावा, मजुरी त्यालाही. दोन हंगाम बरोबर राहिला तर पाखावर पाय कुठे ठेवायचा हे त्याला कळेल.

काका: हे बोलणं बरं वाटलं. पण पैशाचं तोंडी नको. तुमचा तो घरातल्या लोकांचा गट आहे ना मोबाइलवर, तिथे आज रात्री लिही. रक्कम लिही, तारीख लिही. सगळ्यांनी हो म्हटलं तर समोर कौलं. दोघांनी जरी टाळाटाळ केली तर दोन्हीकडे पत्रा, आणि मग गणपतीत येऊन कुणी घर बदललं म्हणायचं नाही.

पुतणी: लिहिते. विक्रीबद्दलही लिहिते, म्हणजे नंतर कुणाला बोलायला जागा नको. आणि त्या भंगारवाल्याला तुम्ही परत फोन करा. शनिवारी सकाळी बोलवा, तेव्हा मी असेन.

काका: त्यानं शुक्रवारी दुपारी नमाजानंतर येतो म्हटलं होतं. मी फोन ठेवून दिला, आता त्याची वेळ आपण पाळायची. तूच गुरुवारची रातराणी पकड.